गल्लीतला दिवा कोणत्या पैशातून लागतो?

अभ्यासपाठ : ग्रामपंचायतीचा निधी, ग्रामसभा आणि आपला गट



मागच्या पाठात आपण गटाच्या नोंदी नीट कशा ठेवायच्या ते पाहिलं. या वेळीही वहीबद्दलच बोलायचं आहे. पण ही वही गटाची नाही, गावाची आहे.

बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, हिशेब लिहून झाला की बैठकीत गप्पा कुठे वळतात ते तुम्हाला माहीतच आहे. वस्तीतल्या खांबावरचा दिवा बंद आहे. गटार तुंबून पाणी दारात येतं. अंगणवाडी पावसात गळते. मग कुणीतरी म्हणतं, "सांगितलंय की सरपंचांना. करू म्हणालेत." दुसरी म्हणते, "मागच्या वर्षीपण हेच म्हणाले होते." आणि बैठक संपते.

हे असं का होतं? कधी कुणाच्या मनात नसतं, हे खरं. पण पुष्कळदा कारण साधं असतं. आपण मागणी तोंडी केलेली असते, आणि कोणत्या पैशातून काम करायचं हे आपण सांगितलेलंच नसतं. तोंडी मागणीला पंचायतीच्या दप्तरात जागा नसते. दप्तरात नाही म्हणजे आराखड्यात नाही, आणि आराखड्यात नाही म्हणजे पैसा नाही.

आपल्या गटात तरी वेगळं काय आहे? एखाद्या ताईने रस्त्यात भेटून अध्यक्षांना सांगितलं, "मला दहा हजार पाहिजेत," तर लगेच कर्ज मिळतं का? नाही. बैठकीत मागणी येते, कारण विचारलं जातं, चर्चा होते, ठराव लिहिला जातो, सह्या होतात, मग पैसे हातात पडतात. पंचसूत्रीतली नियमित बैठक आणि नियमित नोंदी आपण पाळतो म्हणून बँक आपल्यावर विश्वास ठेवते. गावाच्या पैशालाही हीच रीत लागू आहे. ती रीत आज समजून घेऊ.

१. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यात फरक आहे

ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच आणि सदस्य. त्यांची मासिक सभा होते. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती. घरातला कर्ता पुरुष तेवढा सभासद, असं नाही. यादीत तुमचं नाव आहे, म्हणजे तुम्ही ग्रामसभेच्या सभासद आहात. सासूबाई आहेत, सूनही आहे, एकटी राहणारी विधवा बाईही आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळालं. आपल्या राज्यात महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम आहे. त्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. शिवाय प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिला आपण महिला सभा म्हणतो. महिला सभा ही कुणी दिलेली सवलत नाही, कायद्यातलीच गोष्ट आहे.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, म्हणजे ठरावीक माणसं हजर असावी लागतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो धरतात. आता हिशेब करा. गावात ४०० मतदार असतील तर १५ टक्के म्हणजे ६० जण. गावात बारा-बारा जणींचे पाच गट असतील तर त्या ६० झाल्या! मतदार १,२०० असतील तर १५ टक्के १८० होतात, पण १०० हा आकडा कमी, म्हणून १०० पुरतात. आठ गट एकत्र आले की जवळपास तेवढ्या बाया होतात. "आम्ही गेलो तर काय होणार?" असं म्हणण्याआधी हा हिशेब एकदा आपल्या गावाचे आकडे घालून करून पाहा.

२. पैशाचे कप्पे

घरात आपण पैसे एकत्र ठेवत नाही. बियाण्याचे वेगळे, मुलीच्या फीचे वेगळे, दवाखान्याचे वेगळे. ग्रामपंचायतीचंही तसंच आहे. सगळा पैसा एका डब्यात नसतो. कोणता पैसा कशावर खर्च करायचा हे ठरलेलं असतं. "निधी नाही" हे उत्तर मिळालं तर लगेच वाद घालू नका. विचारा, "कोणता निधी नाही?"

मुख्य कप्पे असे :

पहिला कप्पा, गावाचं स्वतःचं उत्पन्न. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार भरत असेल तर त्याची फी, पंचायतीच्या गाळ्यांचं भाडं वगैरे. या उत्पन्नातून १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात.

दुसरा कप्पा, वित्त आयोगाचा निधी. हा केंद्राकडून येतो. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. आपल्या राज्यात या निधीतले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. २०२१-२२ पासून गावाच्या वाट्याचे पुन्हा दोन भाग होते. ६० टक्के बंधित, म्हणजे बांधलेला, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे मोकळा. बंधितातला अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. दुसरा अर्धा स्वच्छतेसाठी, त्यात सांडपाणी आणि घनकचराही येतो. अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण त्यातून पगार आणि कार्यालयाचा खर्च भागवता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ आहे. तेव्हा या वर्षी बंधित किती, अबंधित किती, हे ग्रामसेवकांना विचारून लिहून घ्या. (ग्रामसेवक या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात, म्हणून इथेही तेच लिहिलं आहे.)

तिसरा कप्पा, योजनांचा पैसा. पाणीपुरवठा, घरकुल, रोजगार हमी, आमदार-खासदार निधी, जिल्हा परिषदेच्या योजना. हा पैसा ज्या कामासाठी येतो त्याच कामाला लागतो.

३. एका गावाचा हिशेब

समजायला सोपं जावं म्हणून एक गाव मनात धरू. आकडे शिकण्यापुरते आहेत. तुमच्या गावाचे वेगळे असतील.

समजा गावाचं स्वतःचं वार्षिक उत्पन्न ४,००,००० रुपये आहे. मग :

- महिला व बालकल्याण, १० टक्के : ४०,००० रुपये
- मागासवर्गीय, १५ टक्के : ६०,००० रुपये
- दिव्यांग, ५ टक्के : २०,००० रुपये

आणि समजा वित्त आयोगातून गावाला १०,००,००० रुपये आले. पंधराव्या आयोगाच्या वाटणीप्रमाणे :

- पाणी, बंधित : ३,००,००० रुपये
- स्वच्छता, बंधित : ३,००,००० रुपये
- अबंधित : ४,००,००० रुपये

आता आपल्या तीन मागण्या घ्या. गटारीची मागणी सांडपाण्याची आहे, म्हणजे स्वच्छतेच्या कप्प्यात बसते. वस्तीतल्या दिव्याची मागणी अबंधित निधीतून किंवा गावाच्या उत्पन्नातून करायची. अंगणवाडीच्या छताची दुरुस्ती अबंधित निधीतून मागता येईल, महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांतूनही मागता येईल.

एकदा का "हे काम या कप्प्यातून करा" असं आपण म्हटलं, की समोरच्याला नुसतं "बघू" म्हणता येत नाही. पैसे शिल्लक आहेत की नाहीत, हे त्याला सांगावं लागतं. पाण्यासाठी बांधलेल्या पैशातून दिवा मागितला, तर "त्यातून बसत नाही" हे उत्तर बरोबरच आहे, आणि आपली एक ग्रामसभा वाया जाते.

त्या ४०,००० रुपयांकडेही लक्ष द्या. रक्कम मोठी नाही, पण ती आपल्या नावाची आहे. ती कशावर खर्च झाली हे तुमच्या गावात किती जणींना सांगता येईल? आपण विचारलं नाही तर ती कशावर खर्च करायची हे दुसरंच कुणी ठरवतं.

आणि एक गोष्ट आपल्या बाजूचीही. हे १० टक्के गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातले आहेत. घरपट्टी थकली की उत्पन्न घटतं आणि आपले १० टक्केही घटतात. घरपट्टी म्हणजे गावाची बचत. गटात बचत न भरणारीने कर्ज मागितलं तर आपण काय म्हणतो, ते आठवा. पावती हातात असली की ग्रामसभेत आवाजही मोठा निघतो.

४. मागणीचा रस्ता

मागणी ते काम हा प्रवास पाच टप्प्यांचा आहे.

पहिला टप्पा, गट आणि ग्रामसंघ. गटाच्या बैठकीत वस्तीच्या गरजा लिहा. 'उमेद'मध्ये गटांकडून गाव समृद्धीचा आराखडा भरून घेतात, सीआरपी ताई त्याला व्हीपीआरपी म्हणतात, तो याच कामासाठी आहे. त्यात कुणाचं रेशनकार्ड नाही, कुणाची पेन्शन अडली, कुणाला कोणता व्यवसाय करायचा आहे आणि गावात कोणत्या सोयी हव्यात, हे सगळं येतं. ग्रामसंघ सगळ्या गटांच्या मागण्या एकत्र करतो आणि ग्रामपंचायतीला देतो. हा कागद भरताना घाई करू नका. "सीआरपी ताईने भरला, आम्ही सह्या केल्या" असं होऊ देऊ नका.

दुसरा टप्पा, महिला सभा. इथे मागणीचा ठराव होतो.

तिसरा टप्पा, ग्रामसभा. महिला सभेचे ठराव इथे मांडले जातात. ते वाचून दाखवले का, इतिवृत्तात लिहिले का, हे बघायचं.

चौथा टप्पा, आराखडा आणि अंदाजपत्रक. ग्रामसभेतल्या मागण्यांवरून गावाचा वार्षिक विकास आराखडा तयार होतो. आपल्या राज्यात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने हे काम चालतं. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होतो आणि पुढे ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढवला जातो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. म्हणून दिवाळीच्या आसपास आपली मागणी कागदावर आलेली हवी. उन्हाळ्यात टाकी कोरडी पडल्यावर मागणी केली, तर ती बहुतेक वेळा पुढच्या वर्षावर जाते.

'अंदाजपत्रक' हा शब्द पंचायतीत दोन अर्थांनी वापरतात. एक म्हणजे पूर्ण वर्षाच्या जमाखर्चाचं अंदाजपत्रक. दुसरं म्हणजे एका कामाला किती खर्च येईल, ते अभियंत्याने काढलेलं अंदाजपत्रक. बोलताना कोणतं हवं ते स्पष्ट सांगा, नाहीतर आपण एक मागतो आणि हातात दुसरंच येतं.

पाचवा टप्पा, मंजुरी आणि काम. कामाला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, काम होतं, त्याचं मोजमाप होतं आणि मग बिल निघतं.

यातला एक टप्पा जरी सुटला तरी काम अडतं. म्हणून "आमचं काम का झालं नाही?" यापेक्षा "आमचं काम कोणत्या टप्प्यावर आहे?" असं विचारा. उत्तर नेमकं मिळतं.

५. ठराव कसा लिहायचा

"वस्तीचा विकास करावा" असा ठराव कुणालाच बांधत नाही. ठरावात चार गोष्टी हव्यात. काय, कुठे, कोणत्या निधीतून, कधीपर्यंत. नमुना असा :

"विषय : ______ वस्तीतील सांडपाण्याची गटार बांधणेबाबत.
ठराव : ______ वस्तीत ______ यांच्या घरापासून ______ पर्यंत गटार नसल्याने सांडपाणी रस्त्यावर व दारात येते. लहान मुले व वयस्कर माणसे आजारी पडतात. तरी सदर गटारीचे काम वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या बंधित निधीतून सन ______ च्या आराखड्यात घेण्यात यावे, असे ठरले.
सूचक : ______ अनुमोदक : ______ ठराव सर्वानुमते मंजूर."

सूचक आणि अनुमोदक दोघी आपल्याच असाव्यात, आणि शक्य तर वेगवेगळ्या गटांतल्या. म्हणजे मागणी एका गटाची राहत नाही.

सहीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गटात कोऱ्या कर्जफॉर्मवर आपण सही करत नाही. मग ग्रामसभेच्या रजिस्टरवर, वर काय लिहिलंय ते न वाचता अंगठा का देतो? हजेरीची सही आणि ठरावाखालची सही यात फरक आहे. घरी कुणी रजिस्टर घेऊन आलं, "ताई, एवढी सही करा, सभा झाली समजा" म्हणालं, तर सही करू नका. ती सही दिलीत की कागदावर सभा झाली आणि तुम्ही हजर होतात. मग तिथे जे लिहिलं जाईल ते तुमच्या संमतीने झालं, असं होतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शेजारच्या ताईकडून मोठ्याने वाचून घ्यावं. त्यात कसला कमीपणा?

६. अडलं तर काय करायचं

महिला सभेची दवंडी झाली नाही, सूचना लागली नाही, तर ग्रामसंघाच्या नावाने ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

सभेची वेळ मजुरीच्या वेळेत असेल तर तीही अर्जात लिहा. सकाळी अकराच्या सभेला येणारी बाई त्या दिवसाची मजुरी सोडून येते. वेळ बदलून द्या, असं मागण्यात काही चूक नाही.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची गरज नसते. म्हणजे पहिल्या दिवशी परत गेलेल्या बायका दुसऱ्यांदा आल्या नाहीत, तर थोड्या माणसांतच सगळं ठरू शकतं. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारल्याशिवाय घरी जायचं नाही.

ग्रामपंचायतीत दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तीही नाही, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मात्र हे शेवटचं पाऊल ठेवा. आधी समोर बसून विचारा. पुष्कळ ठिकाणी ग्रामसेवकांकडे दोन-दोन गावांचं काम असतं. नीट विचारलं तर ते वही काढून दाखवतात.

राज्यात २०११ पासून पंचायतींत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. तुमच्या गावातही सरपंच किंवा काही सदस्य महिला असतील, कदाचित आपल्याच गटातल्या. त्यांना भेटायला जाल तेव्हा त्यांच्याशीच बोला, शेजारी बसलेल्या त्यांच्या मालकांशी नाही. आणि त्या एकट्या पडल्या तर सभेत त्यांच्या मागे बसा. निवडून आलेल्या बाईला गटाचा आधार असला की तिचा शब्द वजनदार होतो.

७. काम झाल्यावर

काम सुरू झालं म्हणजे आपलं काम संपलं नाही. कामाच्या ठिकाणी फलक लावला आहे का, त्यावर कामाचं नाव, निधी आणि रक्कम लिहिली आहे का, ते पाहा. गटार शंभर मीटर मंजूर असेल तर पावलांनी मोजून बघा. दोन-चार पावलं इकडे तिकडे होतील, पण साठ मीटरची शंभर होत नाही. शंका असेल तर मोजमाप आणि बिल होण्याआधी लेखी कळवा. बिल निघाल्यावर ओरडून फारसा उपयोग होत नाही. मोबाईल वापरणाऱ्या मुलींना 'मेरी पंचायत' हे सरकारी ॲप किंवा ई-ग्रामस्वराज उघडायला सांगा. आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च त्यावर पाहता येतो.

आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि कामाचा अहवाल ठेवावा लागतो. ती सभा अजिबात चुकवू नका. आपल्या १० टक्क्यांचा हिशेब तिथे विचारायचा.

या महिन्याच्या बैठकीत करायचं काम

१. गावात एकूण मतदार किती, त्याचे १५ टक्के किती, आणि सगळ्या गटांच्या मिळून सभासद किती, हे तीन आकडे वहीत लिहा.

२. वस्तीच्या तीन मागण्या ठरवा. प्रत्येकीपुढे कप्पा लिहा : स्वतःचं उत्पन्न, बंधित, अबंधित की योजना.

३. त्यातल्या एका मागणीचा ठराव वरच्या नमुन्याप्रमाणे लिहून काढा. ज्या ताई कधी बोलत नाहीत त्यांनी तो वाचून दाखवावा.

४. दोघी-तिघींनी मिळून ग्रामपंचायतीत जा. विचारा : मागच्या वर्षी महिला व बालकल्याणाचे १० टक्के किती झाले, कशावर खर्च झाले, शिल्लक किती? उत्तर ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा.

५. पुढच्या महिला सभेची तारीख विचारून गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

चौथ्या कामाचं उत्तर प्रत्येक गावात वेगळं येईल. कुठे हिशेब चोख असेल, कुठे पैसे पडून असतील, कुठे कुणालाच माहीत नसेल. जे असेल ते लिहून प्रभागसंघाच्या बैठकीला आणा. सगळ्या गावांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की कुठे काय अडलंय ते आपल्यालाच दिसेल आणि पुढचा पाठ त्यावरच घेता येईल.